कॉम्प्युटर सारखा बंद पडतो, दोष कुणाचा? कोकणातल्या मशीनसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्रॅम मध्येच बंद होतो, निळा पडदा येतो, मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. या सगळ्यावर पहिला उपाय ठरलेला असतो: ‘फॉरमॅट मारू या.’ बिघाड एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये) आणि इलाज विंडोजवर, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फॉरमॅटनंतर आठ दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच, आणि मधल्या मध्ये टॅलीचा डेटा गेलेला असतो. म्हणून फॉरमॅटच्या आधी काय तपासायचं, ते इथे. समुद्रकाठच्या घरांत आणि दुकानांत जे जास्त घडतं, त्यावर जास्त लिहिलं आहे.

दोष सॉफ्टवेअरचा की हार्डवेअरचा, हे घरच्या घरी ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येतं. सॉफ्टवेअरमधली चूक साधारणपणे ठरलेल्या जागी अडकवते: एकच प्रोग्रॅम, एकच बटण, एकच फाइल. हार्डवेअरचा दोष जागा बदलत राहतो. आज ब्राउझर बंद, उद्या टॅली, परवा काहीच चालू नसताना निळा पडदा, आणि प्रत्येक वेळी वेगळा कोड.

हे डोळ्यांनी पाहायचं तर स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. लाल फुलीवर क्लिक केलं की ‘फॉल्टिंग मॉड्यूल’, ‘एक्सेप्शन कोड’ आणि ‘ऑफसेट’ असे तपशील दिसतात. मॉड्यूल म्हणजे प्रोग्रॅमचा पडलेला भाग, ऑफसेट म्हणजे त्या भागातली नेमकी जागा. पाच-सहा नोंदी कागदावर उतरवा. मॉड्यूल आणि ऑफसेट दर वेळी तेच असतील, तर त्या प्रोग्रॅमचा अपडेट शोधा, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार प्रोग्रॅम वेगवेगळ्या ऑफसेटवर पडत असतील, तर हार्डवेअरचा संशय धरा. एक अपवाद ध्यानात ठेवा: खराब ड्रायव्हरसुद्धा (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) दुसऱ्याच्या मेमरीत ढवळाढवळ करून असंच चित्र उभं करतो. तो वेगळा काढायची युक्ती खाली ‘ड्रायव्हर की हार्डवेअर’ या प्रश्नात आहे.

झिप फाइल उलगडताना कधी ‘सीआरसी एरर’ (डेटा जुळत नसल्याची चूक) येते आणि तीच फाइल दुसऱ्यांदा नीट उलगडते, हीसुद्धा मोठी खूण. फाइल खराब असती तर दोन्ही वेळा अडली असती.

निळा पडदा क्षणभर दिसतो आणि जातो. कोड वाचायचा कसा?

विंडोज आणि आर एकत्र दाबा, ‘एसवायएसडीएम डॉट सीपीएल’ इंग्रजीत टाइप करा, ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’चं सेटिंग उघडा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरची खूण काढा. आता पडदा थांबून राहील, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सुरुवातीचं ‘शून्य एक्स’ आणि शून्यांची रांग सोडली की उरतो तो कामाचा आकडा.

१२४ म्हणजे हार्डवेअरनेच कळवलेली चूक: प्रोसेसर, त्याचं व्होल्टेज, मदरबोर्ड किंवा स्लॉटमधलं कार्ड. १ए आणि ५० यांमागे बहुतेकदा रॅम किंवा ड्रायव्हर. ७ए म्हणजे डिस्कवरची पेजिंग फाइल वाचता आली नाही, तेव्हा आधी डिस्क आणि तिची केबल पाहा. ११६ म्हणजे ग्राफिक्सने वेळेत उत्तर दिलं नाही, ही वेळ विंडोजने २ सेकंद ठरवलेली असते. ९एफ बहुधा झोपेतून उठताना अडलेला ड्रायव्हर असतो, त्यात रॅम काढत बसू नका.

एका कोडवरून पार्ट विकत घेणं ही मात्र घाई. निदान तीन कोड जमू द्या.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसते. म्हणजे पॉवर सप्लाय गेला का?

नाही. ४१ चा अर्थ एवढाच की मशीन रीतसर शटडाउन न होता बंद झालं. वीज गेली तरी ४१, बटण दाबून धरलं तरी ४१, निळा पडदा आला तरी ४१. कामाची गोष्ट त्या नोंदीच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘बगचेक कोड’ म्हणून असते. तिथे शून्य असेल, तर विंडोजला काही लिहायला वेळच मिळाला नाही: एकदम वीज तुटली, मशीन गोठलं, किंवा अति तापल्यामुळे प्रोसेसरने स्वतःला बंद केलं. आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचाच कोड असतो, फक्त दशमान पद्धतीत. २९२ म्हणजे १२४, २७८ म्हणजे ११६, १२२ म्हणजे ७ए, ८० म्हणजे ५०, २६ म्हणजे १ए.

४१ सोबत ‘व्हिया-लॉगर’च्या नोंदी शोधा. १७, १८, १९ यांपैकी काही असेल, तर हार्डवेअर स्वतःच तक्रार करतंय. १८ म्हणजे सावरता न आलेली चूक. १७ आणि १९ म्हणजे सावरलेल्या चुका, पण त्या रोज येत असतील तर दुर्लक्ष नको.

‘मेमरी ॲक्सेस व्हायोलेशन’ असं लिहून येतं. रॅम बदलायची का?

नावात मेमरी आहे म्हणून रॅम दोषी ठरत नाही. ‘सी००००००५’ हा कोड सांगतो की प्रोग्रॅमने मेमरीतल्या अशा जागेला हात लावला जिथे त्याला परवानगी नव्हती. बहुतेक वेळा ती प्रोग्रॅममधलीच चूक, बिघडलेली डेटा फाइल किंवा अँटिव्हायरसची मधली लुडबूड असते. टॅली ठरावीक कंपनी उघडतानाच पडत असेल, तर त्या कंपनीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. तिथेही पडली तर दोष डेटात. तिथे सुरळीत चालली तर तुमचं मशीन तपासायला घ्या.

रॅम नेमकी कशी तपासायची?

विंडोजमधलं ‘मेमरी डायग्नोस्टिक’ पहिल्या चाळणीसाठी ठीक. ते चालू झाल्यावर एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा, नाहीतर तपासणी वरवरची होते. तिथे काही सापडलं नाही म्हणून रॅम निर्दोष असं मात्र मानू नका.

खरी तपासणी मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ यांनी. दोन्ही वेगळी सॉफ्टवेअर आहेत, पेन ड्राइव्हवरून बूट होतात, विंडोजला हातही लावत नाहीत. पेन ड्राइव्ह पूर्ण पुसला जातो, तेव्हा रिकामाच घ्या. बूट होत नसेल तर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मदरबोर्डची सेटिंग) सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागतं, पण त्याआधी डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून ठेवा. नाहीतर विंडोज नंतर तीच मागत बसेल आणि चांगल्या डेटाला कुलूप लागेल.

किमान ४ फेऱ्या चालू द्या, शक्यतो रात्रभर. रॅम जितकी जास्त, तितका वेळ जास्त. एकही चूक आली तर रॅम नापास, ‘लाखात एक तर आहे’ असा हिशेब इथे चालत नाही. चूक आली की मशीन बंद करा, वायर काढा आणि एकेक पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावून परत तपासा. नंतर चांगली ठरलेली पट्टी प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवा. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, स्लॉटलाच चिकटून राहिली तर स्लॉट. आणि दोन्ही पट्ट्या एकेकट्या पास, पण जोडीने नापास झाल्या तर? दोन वेगळ्या मेकच्या पट्ट्या एकत्र लावल्या असतील तर हे होतं. त्यांचा वेग बायॉसमधून एक पायरी खाली आणा.

जूनपासून सप्टेंबरपर्यंतच त्रास होतो. दिवाळीनंतर मशीन आपोआप बरं होतं. असं का?

कारण मशीन सादळतं, पापड सादळतो तसंच.

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात आणि बोर्डावर, स्लॉटच्या पिनांवर बसतात. कोरड्या दिवसांत हे मीठ निरुपद्रवी असतं. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. कोकणात पावसाळ्याचे चार महिने आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. मग शेजारशेजारच्या दोन पिनांमध्ये खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि त्यातून किंचित वीज झिरपते. सिग्नल अर्धवट पोचतो, रॅम चुकीचं वाचते, निळा पडदा येतो. जोडीला तांबं हिरवं पडू लागतं, ते मात्र दिवाळीनंतरही बरं होत नाही.

ओळखायची खूण वेळेत आहे. सकाळी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत दोन-तीनदा अडकतं आणि मशीन तापल्यावर दिवसभर सुरळीत चालतं, तर दमटपणा, सैल जोडणी किंवा अशक्त कपॅसिटर (वीज साठवणारा नळकांडीसारखा पार्ट). उलट सकाळी छान आणि तासाभराने पडायला लागतं, तर उष्णता. आठवडाभर प्रत्येक बंद पडण्यापुढे घड्याळातली वेळ आणि ‘चालू करून किती मिनिटं झाली’ हे दोनच रकाने लिहा. महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा हा कागद जास्त सांगतो.

उपायही सोपे. आगोटीची तयारी करतो तेव्हाच, मे महिन्यात, कॅबिनेट उघडून साफ करा. पावसाळ्यात मशीन रोज निदान तासभर चालू ठेवा, त्याची स्वतःची ऊब त्याला सुकी ठेवते. महिनाभर बंद राहिलेलं मशीनच जास्त बिघडतं. समुद्राकडच्या खिडकीखाली किंवा पडवीत ठेवू नका, माजघरात न्या. ओल येणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. आणि ते प्लॅस्टिकचं कव्हर काढून टाका. ते पावसाचे थेंब अडवतं खरं, पण आतली ओल आतच कोंडतं. सुती कापड पुरे.

रॅम काढून खोडरबराने घासली की मशीन चालू होतं. हे बरोबर आहे का?

उपाय खरा आहे, पण अर्धा. मऊ पांढऱ्या खोडरबराने सोनेरी पट्ट्या हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा, कण ब्रशने झाडा, मगच लावा. वाळूचा खोडरबर किंवा पॉलिश पेपर मुळीच नको. वरचा सोन्याचा थर फार पातळ असतो, तो निघाला की खालचा धातू गंजायला मोकळा.

राहिलेला अर्धा उपाय म्हणजे स्लॉट. मीठ तिथेही असतं आणि तिथे खोडरबर पोचत नाही. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशला लावून स्लॉट साफ करा आणि अर्धा तास वाळू द्या. हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि सुगंधी द्रव्यं असतात. दर महिन्याला रॅम घासावी लागत असेल, तर रॅम बदलण्यापेक्षा मशीनची जागा बदला.

एसएमपीएसवर संशय कधी घ्यायचा आणि तो मोजायचा कसा?

जड काम सुरू करताच मशीन एकदम बंद होणं, पंखा-फ्रिज सुरू होताना रीस्टार्ट, हार्ड डिस्क मध्येच ‘गायब’ होऊन परत येणं, बटण दोन-तीनदा दाबल्यावरच चालू होणं, या त्याच्या सवयी. स्वस्तातल्या कॅबिनेटबरोबर फुकट मिळणाऱ्या एसएमपीएसवर छापलेले वॉट विश्वासाने घेऊ नका.

मोजायला मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी पिन चार पिनी मोलेक्स कनेक्टरच्या काळ्या वायरीत, लाल पिन पिवळ्या वायरीत. ११.४ ते १२.६ च्या आत यायला हवं. लाल वायरीत ४.७५ ते ५.२५. मोठ्या २४ पिनी कनेक्टरच्या नारिंगी वायरीत ३.१४ ते ३.४६. मशीन रिकामं असताना आणि प्राइम९५ सारखं प्रोसेसर राबवणारं सॉफ्टवेअर चालू असताना, दोन्ही वेळा मोजा. रिकामं असताना १२.१ आणि भाराखाली ११.३ म्हणजे निकाल लागला. उलट आकडे बरोबर आले म्हणून एसएमपीएस निर्दोष होत नाही, कारण व्होल्टेजमधली झपाट्याची थरथर साधा मल्टिमीटर दाखवत नाही. खात्री करायची तर शेजाऱ्याचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून पाहा.

एसएमपीएस उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकतं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर मात्र जरूर पाहा. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी चिकट गळती दिसली, तर बाकी तपासण्या थांबवा.

लाइट गेली की इन्व्हर्टर चालू होतो, पण मशीन रीस्टार्ट होतं. यूपीएस नवा घ्यायचा का?

आधी इन्व्हर्टरच्या मागे पाहा. बऱ्याच इन्व्हर्टरना ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं बटण असतं, त्यातल्या यूपीएस मोडमध्ये बदल चटकन होतो. एसएमपीएस पूर्ण भारावर वीज नसताना जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टरने त्याहून उशीर केला की रीस्टार्ट ठरलेलाच. दुसरं कारण लहरीचा आकार. ॲक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असलेले चांगले एसएमपीएस स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर कुरकुरतात, कधी सरळ बंद पडतात. त्यांना प्युअर साइन वेव्हच लागते.

छोट्या यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षं टिकते, वारंवार लाइट जाणाऱ्या गावात त्याहूनही कमी. यूपीएस वीज असताना ठणठणीत दिसतो आणि वीज जाताच दोन सेकंदांत मान टाकतो, तेव्हा बॅटरीच बदला.

कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. याचा बंद पडण्याशी संबंध आहे का?

आहे, आणि जीवाशीही आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले छोटे कपॅसिटर गळती अर्थिंगकडे पाठवतात. अर्थिंगच नसेल, तर ती कॅबिनेटवर येऊन बसते आणि पत्र्यावर मुख्य व्होल्टेजच्या निम्मं, साधारण ११५ व्होल्ट दिसतं. प्रवाह फार थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं, पण यूएसबी आणि लॅन पोर्टांना ते मानवत नाही. प्रिंटर जोडताना ठिणगी, माउस मध्येच तुटणं, हे त्यातूनच.

कोकणात अडचण जमिनीचीच आहे. जांभ्या दगडात पावसाळ्यात अर्थिंग चांगलं लागतं, पण मार्च-एप्रिलमध्ये कातळ सुकला की त्याचा विरोध वाढतो. कोळसा-मीठ भरलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्यातून एकदोनदा बादलीभर पाणी ओता. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या: २-३ व्होल्टच्या आत असावं. हे मोजमाप स्वतः करू नका. आणि तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवला असेल, तर आज संध्याकाळपर्यंत ते बदला.

वीज कडाडली त्या दिवसापासून मशीन विचित्र वागतंय.

वळिवाच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसात हे हमखास. वायर काढून ठेवली होती तरी मशीन गेलं, असं अनेकांना कोडं पडतं, कारण लॅनची वायर तशीच असते. गल्लीतून, छपरावरून, माडाला बांधून आणलेली तांब्याची लॅन केबल म्हणजे लांबलचक अँटेनाच. फायबर काचेचा असल्याने त्यातून झटका येत नाही, पण राउटरचा अडॅप्टर आणि राउटर ते मशीन ही वायर तांब्याचीच.

असा झटका कधी पूर्ण मारत नाही, अर्धमेलं करतो: लॅन पोर्ट मृत, यूएसबी अधूनमधून गायब, व्हिया-लॉगर १७ च्या नोंदींची रांग. बायॉसमधून ऑनबोर्ड लॅन बंद करून पाहा. त्यानंतर मशीन स्थिर झालं, तर स्वस्त यूएसबी लॅन अडॅप्टरवर वर्षभर निभावतं.

हार्ड डिस्क किंवा एसएसडी दोषी असेल तर?

तर सगळं थांबवून आधी डेटा कॉपी करा. डिस्क तपासणाऱ्या ‘सीएचकेडीएसके’ स्लॅश आर या आज्ञेचा लाडका उपाय मरायला टेकलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवतो, तो बॅकअपनंतरच.

मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. ०५ (बदली दिलेले सेक्टर), सी५ (वाचता न येणारे, निकालाची वाट पाहणारे) आणि सी६ (दुरुस्त न होणारे) या ओळींतला शेवटचा आकडा शून्य असायला हवा. ०५ मध्ये थोडा आकडा असून महिनोन्‌महिने वाढत नसेल तर नजर ठेवा. सी५ वाढत असेल तर डिस्क बदला. सी७ वेगळी: ती वाढते म्हणजे बहुतेक सॅटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी) खराब. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आजचा लिहून ठेवा, केबल बदला, आठवड्याने पुन्हा पाहा. तेवढाच राहिला तर डिस्क वाचली. किनाऱ्यावर केबलच्या टोकाला हिरवट-काळा थर नेहमी दिसतो, त्यामुळे केबलवरच्या संशयाला इथे जास्त वजन द्या.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डिस्क’ ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे पुन्हा प्रयत्न करावा लागला, १२९ म्हणजे डिस्कने उत्तर न दिल्याने तिला रीसेट करावं लागलं. हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, तर वरचं काहीही करू नका, मशीन बंद करा.

तापमान किती असलं म्हणजे जास्त?

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो लावून पाहा. रिकामं असताना ४० ते ५५ अंश, पूर्ण भारावर ८५ पर्यंत चिंता नाही. लॅपटॉप ९० च्या पुढेही जातात. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरी भागलं नाही तर निळा पडदा न दाखवता थेट बंद होतात. कौलारू घरात वरून सतत बारीक माती पडते, वर लाल धूळ आणि दमट हवा. हीट सिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढणाऱ्या धातूच्या) पात्यांत त्याची गोधडी तयार होते, ब्लोअरने निघत नाही, ब्रशनेच काढावी लागते. पंखा बोटाने धरून मगच हवा मारा. प्रोसेसर आणि हीट सिंकमध्ये लावायची थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

स्क्रीनवर रंगीत ठिपके, रेघा येतात आणि मग अडकतं.

त्या क्षणी स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलवर पाठवून पाहा. रेघा चित्रातही असतील तर ग्राफिक्स कार्ड किंवा ड्रायव्हर. चित्र स्वच्छ असेल तर मॉनिटर किंवा केबल. पुढे बायॉस उघडा, तिथे विंडोजचा ड्रायव्हर नसतो. बायॉसमध्येही ठिपके दिसले तर ड्रायव्हर सुटला, कार्ड अडकलं.

अपडेट झाला आणि त्याच दिवसापासून सुरू झालं. मग दोष अपडेटचाच ना?

कधी असतो, कधी कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते. अपडेट डिस्कला आणि प्रोसेसरला तासभर राबवतो, तेव्हा आधीपासून अशक्त असलेला पार्ट नेमका त्या वेळी उघडा पडतो. ‘सिस्टिम रिस्टोर’ने मागे जाऊन दोन दिवस पाहा. तरीही तसंच चाललं तर अपडेट सुटला.

नवं, महागडं मशीन आहे. तेही पडतं.

पहिली गोष्ट, बायॉसमधलं एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारं सेटिंग) बंद करा. रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग हा बहुधा ओव्हरक्लॉकच असतो. डीडीआर४ ची मूळ गरज १.२ व्होल्ट, एक्सएमपीत ती १.३५ होते, आणि प्रत्येक प्रोसेसरला ते पेलत नाही. बंद केल्यावर मशीन स्थिर राहिलं, तर मेमटेस्टच्या आधीच उत्तर मिळालं.

दुसरी गोष्ट इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांची. जास्त व्होल्टेजमुळे त्यांतले काही हळूहळू अस्थिर होत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये १२९ आणि सप्टेंबरमध्ये १२बी क्रमांकाचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतली दुरुस्ती) आला, तो बायॉस अपडेटमधून मिळतो. गेम उघडताना व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा खोटा संदेश येणं, फाइली उलगडताना चुका होणं, ही त्याची लक्षणं. अपडेट पुढचं नुकसान टाळतो, झालेलं भरून काढत नाही. खोक्यात मिळालेल्या अशा प्रोसेसरांची वॉरंटी ३ वर्षांवरून ५ वर्षं केली आहे, बिल शोधून ठेवा. बायॉस अपडेट करताना वीज गेली तर बोर्डच मरू शकतो, म्हणून ते काम चांगल्या यूपीएसवर आणि निरभ्र दिवशीच.

प्राइम९५ मध्ये ‘राउंडिंग’ची चूक दाखवून एखादा वर्कर थांबला, तर ते गणितच चुकलं असं समजा. तिथे विंडोजचा काही संबंध नाही.

ड्रायव्हर की हार्डवेअर, हे कसं वेगळं काढायचं?

लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर टाका आणि इन्स्टॉल न करता ‘लाइव्ह’ चालवा. दोन-तीन तास व्हिडिओ लावा, ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडा. विंडोज नाही, त्याचे ड्रायव्हर नाहीत, डिस्कसुद्धा वापरात नाही. तरीही मशीन गोठलं, तर रॅम, प्रोसेसर, बोर्ड किंवा पॉवर. दिवसभर सुरळीत राहिलं, तर विंडोज, ड्रायव्हर किंवा डिस्क. फॉरमॅटचा विचार करायची वेळ ही, याच्या आधी नाही.

पुराच्या पाण्यात बुडालेलं मशीन वाचतं का?

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत हा प्रश्न घरोघरी होता. पहिला नियम: चालू करून पाहू नका. बहुतेक मशीनं पुराने नव्हे, ‘बघू तरी’ म्हणून दाबलेल्या बटणाने मरतात. वायर काढा, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल काढा. एसएमपीएस सरळ टाकून द्या. मदरबोर्ड, रॅम आणि कार्ड यांवरचा गाळ डिस्टिल्ड वॉटरने धुवा, मग अल्कोहोलने, आणि पंख्याखाली चार-पाच दिवस सुकवा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, पीठ मात्र स्लॉटमध्ये जातं. त्यापेक्षा सिलिका जेल बरं. हार्ड डिस्कमध्ये मोलाचा डेटा असेल, तर ती सुकवूही नका. ओली असतानाच प्लॅस्टिक पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, कारण आत सुकलेला गाळ डिस्कच्या तबकडीला चिकटतो.

वाचलेल्या मशीनवर हिशेबाचं काम ठेवू नका. गंज सहा महिन्यांनी बाहेर येतो.

चाकरमान्यांचा लॅपटॉप मुंबईत नीट चालतो, गणपतीत गावी आला की अडकतो.

एसी गाडीतून उतरलेला थंड लॅपटॉप दमट हवेत उघडला की आत दव धरतं, थंड पाण्याच्या तांब्यावर धरतं तसं. बॅगेतच तासभर राहू द्या, मग चालू करा. दुसरं, गावातलं कमी-जास्त व्होल्टेज आणि घाईत उचलून आणलेला भलताच चार्जर. ६५ वॉटच्या लॅपटॉपला ४५ वॉटचा लावला तर जड कामात बॅटरी उतरत जाते आणि वेग पडतो. टचपॅड वर आलेला दिसला तर बॅटरी फुगली आहे, लॅपटॉप वापरणं त्याच क्षणी थांबवा.

मुंग्या, पाली, उंदीर यांनी खरंच बिघाड होतो?

होतो. मुंग्या उबेला एसएमपीएसमध्ये वारूळ करतात, पाल मोठ्या व्होल्टेजच्या भागात अडकली की फ्यूज उडतो, उंदीर सॅटा आणि पंख्याच्या वायरी कुरतडतात. कुंभारीण माशी वापरात नसलेल्या यूएसबी किंवा ऑडिओ पोर्टमध्ये मातीचं घर बांधते. त्या पोर्टात पेन ड्राइव्ह जबरदस्तीने घातला तर पिना वाकून शॉर्ट होतो. मागचे रिकामे स्लॉट पट्टीने बंद ठेवा, पोर्टांना टोप्या घाला, पण जाळीची भोकं बुजवू नका.

दुरुस्तीला देताना काय सांगायचं?

‘बंद पडतो’ एवढंच सांगितलं की फॉरमॅट होऊनच परत येतं. एका कागदावर लिहा: किती दिवसांपासून, चालू केल्यावर किती मिनिटांनी, तेव्हा काय चालू होतं, निळ्या पडद्याचे कोड, मेमटेस्टच्या किती फेऱ्या झाल्या आणि निकाल काय, सी७ चा आकडा, लाइव्ह लिनक्सवर काय झालं. खाली मोठ्या अक्षरांत ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’. रॅम आणि डिस्कचे सीरियल नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि बदललेला जुना पार्ट परत मागून घ्या.